खरात आणि माझ्या तीन मोटारी

खरातांना मी पाच वर्षं नुसतं 'खरात' म्हणत होतो. ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. जालन्याच्या आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत ते सहायक होते आणि मी सव्वीस वर्षांचा नवा लेक्चरर, गावातल्या जुन्या वकिलाचा मुलगा. 'खरात, जरा ते मीटर द्या,' असं मी म्हणायचो, आणि 'दे' न म्हणता 'द्या' म्हणतो यातच मला माझा मोठेपणा वाटायचा. ते मला 'सर' म्हणत. आता घरी विषय निघाला की मी 'खरातसाहेब' म्हणतो. मग माझी बायको नलिनी मान वर करून माझ्याकडे बघते आणि पुन्हा आपल्या कामाला लागते.

खरात मूळचे वाटूरचे. सत्तावन्न साली, म्हणजे धर्मांतरानंतरच्या वर्षी, त्यांच्या घराण्यात मॅट्रिक झालेला हा पहिला माणूस. अंगाने किडकिडीत, पांढरा सदरा, गळ्याचंही बटण लावलेलं, ऐन मे महिन्यातसुद्धा. प्रयोगशाळेत शिरताना चपला बाहेर काढत. 'धुळीनं काटा चुकतो सर,' म्हणत. बॅटरीचा सेल मेलाय की जिवंत आहे हे बघायला मीटर काढायचे नाहीत; दोन तारा जिभेला लावून डोळे बारीक करायचे आणि सांगायचे, 'आठ दिवस अजून.' ते आठ दिवसच निघायचे.

त्यांची आणखी एक सवय होती. तुम्ही काहीही म्हटलं, अगदी चुकीचं म्हटलं, तरी ते आधी म्हणायचे, 'बराबर हे सर.' मग थोडं थांबायचे. मग म्हणायचे, 'पन...' त्या 'पन'नंतर जे यायचं ते बहुतेक वेळा तुमचं सगळं म्हणणं खोडून काढणारं असायचं. कॉलेजातले जुने प्राध्यापक त्या 'पन'ला घाबरून असत.

नलिनीचा भाऊ बोटीवर नोकरीला होता. दीड-दोन वर्षांनी घरी यायचा आणि येण्याआधी पत्र टाकून विचारायचा, काय आणू? लोक घड्याळं मागत, नायलॉनच्या साड्या मागत. मी मागितली रेडिओवर चालणारी मोटार. आज लहान पोरांच्या हातात रिमोट असतो, पण त्या काळी जालन्यात तसलं काही कुणी पाहिलं नव्हतं. पहिली मोटार लाल होती. हातातल्या डबीला एकच बटण. सोडलं की गाडी सरळ जायची, दाबलं की मागे येत वळायची. मी ती दुसऱ्याच दिवशी कॉलेजात नेली आणि सगळ्या स्टाफला प्रयोगशाळेत बोलावलं.

गाडी काही ऐकेना. सोडली की मनाला येईल तिकडे वळायची, कपाटाखाली जायची, भिंतीला धडकायची. प्राचार्य हसले. मी जपानी मालाला शिव्या द्यायला लागलो. खरात दाराशी उभे होते. ते पलीकडच्या खोलीत गेले आणि परत आले. म्हणाले, 'आता बघा सर.' गाडी सुतासारखी सरळ आली.

'काय केलंत?'

'पलीकडं पोरं इंडक्शन कॉइल चालवून राह्यली होती. तिची ठिणगी बी रेडिओच असती. तुमची गाडी बिचारी दोघांचं बी ऐकत होती.'

ही गोष्ट मी वर्गात शिकवत होतो. त्याच आठवड्यात शिकवली होती.

त्यानंतर कळलं, की खरातांकडेही मोटार आहे. जुन्या जालन्यात त्यांची एक खोली होती, तिथे त्यांनी मला बोलावून ती दाखवली. तुपाच्या डब्याच्या पत्र्याची गाडी, हातभर लांब. स्वतः केलेली. तिला रेडिओ नव्हता. वीस हात लांब तार होती आणि तारेच्या टोकाला लाकडी ठोकळ्यावर दोन खटके. एकाने पुढे-मागे, दुसऱ्याने डावं-उजवं.

'तार कशाला?' मी म्हटलं. 'तुम्हाला ट्रान्समीटर करता येईल की.'

'बराबर हे. पन त्याला परवाना लागतो. दिल्लीला अर्ज टाकला हे. आला की तार काढायची.'

'अहो, खेळण्याला कसला परवाना?'

'बराबर हे सर,' ते म्हणाले, आणि या वेळी 'पन' मनातच ठेवला. मग हळूच म्हणाले, 'तुमी बी काढून घ्या एखादा.'

मी हसलो.

त्या गाडीबद्दल त्यांचा एक नियम होता. वर्षाला एक बदल. एका वर्षी लाकडी चाकं काढून रबराची बसवली. पुढच्या वर्षी वळायला वेगळी मोटर. त्याच्या पुढच्या वर्षी जुन्या गजराच्या घड्याळातली दातेरी चाकं घालून वेग कमी केला, म्हणजे चढावर दम राहतो. एक बदल करायचा आणि वर्षभर ती गाडी उन्हात, वाळूत, पाण्यात चालवून बघायची.

'इतकं थांबायचं कशाला?' मी विचारलं. 'दोन-चार सुधारणा एकदम करून टाका.'

'दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुन कोनाचा अन खोट कोनाची, कसं कळावं?'

त्यांच्या बायको, अनुसयाबाई, चुलीपाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, 'सालाला मला एक लुगडं अन गाडीला एक सामान. सवतच हे म्हना की.' खरात इतके लाजले, की त्यांनी तार गुंडाळायला सुरुवात केली.

माझं उलट. लाल गाडीचा मला सहा महिन्यांत कंटाळा आला. मेहुणा पुढच्या खेपेला आला तेव्हा मी जीप मागवली, दोन बटणांची. लाल गाडी माळ्यावर टाकली, तिथे सेल फुटून तिचं पोट गंजलं. खरातांनी विचारलं, 'लाल गाडी दमली का सर?' मी म्हटलं, 'जुनी झाली.' ते म्हणाले, 'गाडी दमत नसती. मानूस कटाळतो.' पण हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नाही. एखाद्या यंत्राचा स्वभाव सांगावा तसं सांगितलं.

रविवारी सकाळी आम्ही दोघं कुंडलिकेच्या कोरड्या पात्रात जायचो. दुष्काळाची वर्षं, नदीत वाळूच वाळू. माझी जीप झपाट्याने निघायची आणि वाळूत रुतायची. त्यांची पत्र्याची गाडी बैलासारखी येत राहायची. तिच्या मागे तार धरून खरात अनवाणी चालायचे, आणि दगड आला की स्वतःच्याच पायाला ठेच लागल्यासारखं 'हां हां हां' करायचे. त्या सकाळी मला फार आवडायच्या, हे खरं आहे. त्यांच्याइतका माझ्या बरोबरीचा माणूस मला जालन्यात दुसरा नव्हता. फक्त सोमवारी कॉलेजात गेल्यावर मी ते विसरायचो.

एका स्नेहसंमेलनात पोरांनी आमच्या गाड्यांची शर्यत लावली. विटांचा चढ, वाळूचा पट्टा आणि शेवटी पाण्याचं डबकं. तोपर्यंत माझी तिसरी मोटार आली होती. पिवळी, डबीला दांडी असलेली, दांडी जितकी कलेल तितकीच गाडी वळायची. सगळं मैदान भरलं होतं. पिवळी गाडी चढ चढली, वाळूत गेली आणि तिथेच चाकं फिरवत बसली. पत्र्याची गाडी तिच्या बाजूने डबक्यातून पलीकडे गेली. पोरांनी खरातांना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. मला माईकवर दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हणालो, 'गळ्यात दोरी बांधूनच फिरवायची, तर मग बकरी काय वाईट?'

मैदान हसलं. खरातही हसले. नंतर त्यांनी माझी गाडी उचलून तिच्या चाकातली वाळू फुंकून काढली आणि माझ्या हातात दिली.

पिवळी आल्यावर जीप नकोशी झाली. नलिनी म्हणे, कपाटात माझ्या साड्यांना जागा नाही. मी जीप आणि तिची डबी उचलली आणि खरातांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

'घेऊन जा. मोडा आणि सुटे भाग वापरा.'

'चालती वस्तू मोडू नये सर.'

'मग चालवा.'

'परवाना आला न्हाई अजून.'

'खरात, देतोय ते घ्या ना. किती आढेवेढे!'

माझा आवाज चढला असणार, कारण त्यांनी जीप वर्तमानपत्रात बांधली. पुढे कधीतरी मी विचारलं तेव्हा म्हणाले, सेल काढून फळीवर ठेवली आहे, परवान्याची वाट बघून राह्यलो.

मग आणीबाणी आली. त्या हिवाळ्यात कॉलेजच्या मैदानाला लागून असलेल्या गल्ल्यांतून तक्रार झाली, की रविवारी संध्याकाळी रेडिओवर गाणी लागली की खरखर होते, कुणीतरी चोरून वायरलेस चालवतं. कुणी अर्ज केला ते कळलं नाही. पण खरखर कशाची होती ते मला कळलं. रविवारी संध्याकाळी त्या मैदानावर मी माझी पिवळी गाडी चालवत होतो. खरात त्या वेळी घरी असत.

पोलीस कॉलेजात आले आणि त्यांनी विचारलं, इथे असली यंत्रं कोण हाताळतं? कुणीतरी सांगितलं, प्रयोगशाळेतला खरात. त्यांच्या खोलीची झडती झाली. फळीवर जीपची डबी सापडली, वर जपानी अक्षरं, लांब ओढायची एरियल. सोबत दिल्लीहून आलेली, अर्ज मिळाल्याची पोचही सापडली. त्या पोचेचा उलटाच उपयोग झाला. परवाना लागतो हे माहीत होतं, म्हणजे जाणूनबुजून केलं.

मला प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर ती डबी होती. खरात भिंतीशी उभे होते, गळ्याचं बटण लावलेलं. इन्स्पेक्टर मला बघून खुर्चीतून अर्धे उठले. 'वकीलसाहेबांचे चिरंजीव ना? बसा. एवढंच विचारायचंय, हे यंत्र तुमच्या ओळखीचं आहे का? तुम्हीही गाड्या चालवता असं ऐकलं.'

मी बसलो. पिवळी गाडी मस्तगड भागातल्या आमच्या घरी कपाटात होती. मला तेवढंच दिसत होतं, पोलीस माझ्या घराच्या पायऱ्या चढताहेत आणि गल्ली बघते आहे.

'नाही,' मी म्हणालो. 'माझा याच्याशी काही संबंध नाही.'

प्राचार्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. ते शर्यतीच्या दिवशी पहिल्या रांगेत बसले होते.

इन्स्पेक्टर खरातांकडे वळले. 'मग तुझं आहे हे?'

मी वाट बघत होतो. बराबर हे साहेब, पन... आता ते येईल, आणि सगळं संपेल, आणि खरं सांगतो, मला त्यात सुटकाही वाटली असती.

'माझं हे,' खरात म्हणाले.

'आणलं कुठून?'

'ते मी सांगनार न्हाई. माझं हे का म्हनून तुमी इचारलं. माझं हे.'

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी ते दिलं होतं, म्हणजे ते त्यांचंच होतं. ते खोटं बोलले नाहीत. त्या खोलीत खोटं बोलणारा मी एकटा होतो.

त्यांना घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी अनुसयाबाई आमच्या घरी आल्या. मी आतल्या खोलीतून त्यांचा आवाज ओळखला आणि नलिनीला खूण केली. ती बाहेर गेली.

'सर हेत का बाई? वकीलसाहेबांनी एक शब्द टाकला तर सोडतील म्हनत्यात.'

'ते बाहेरगावी गेलेत,' नलिनी म्हणाली.

'कधी येतील?'

'सांगून गेले नाहीत.'

दारात माझ्या चपला होत्या. अनुसयाबाईंनी त्या पाहिल्या असणारच. त्या म्हणाल्या, 'आल्यावर सांगा, मी आल्ते म्हनून.' नलिनी आत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. 'पुन्हा मला हे करायला लावू नका,' एवढंच बोलली. वडिलांना मी काही सांगितलं नाही. त्याच संध्याकाळी मी पिवळी गाडी वरवंट्याने ठेचली, पिशवीत भरली आणि कुंडलिकेच्या पुलावरून खाली टाकली.

पाचव्या दिवशी खरातांना सोडलं. गुन्हा असा काही ठरला नाही. पण त्यांची नेमणूक अजून तात्पुरती होती, जूनमध्ये ते कायम व्हायचे होते. संचालकांनी 'नको ती भानगड' म्हणून त्यांचं नाव काढून टाकलं.

ते किल्ल्या द्यायला आले. विभागात त्या वेळी मी एकटाच होतो. चपला बाहेर काढून आत आले. गालाच्या हाडावर निळसर डाग होता. मी काही बोलायच्या आत त्यांनी कपाटं उघडायला सुरुवात केली.

'हे तिसरं कपाट. यातल्या बॅटरीला पंधरा दिसाला चार्जिंग लागतं, न्हाई तर बसती. दोन नंबरचा मीटर दोन रेघा जास्ती दाखवतो, तेवढ्या वजा करायच्या. दुरुस्तीला धाडू नका, ते अजून बिघडवत्यात. इंडक्शन कॉइलचा स्क्रू पोरांना हात लावू देऊ नका. अन ही तराजूची काचेची पेटी,' त्यांनी तिच्यावरून सदऱ्याची बाही फिरवली, 'ही नवीन मानसाला उचलायला लावू नका. तुमी सोता उचला.'

अर्धा तास ते सांगत होते. मी मान डोलवत होतो. 'मी चुकलो' एवढे दोन शब्द मला म्हणायचे होते, आणि प्रत्येक कपाटाच्या वेळी मी ठरवत होतो, हे झालं की म्हणू. शेवटच्या कपाटानंतर त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या तळहातावर ठेवला, चपला घातल्या आणि गेले. पुढच्या आठवड्यात ते बिऱ्हाड घेऊन वाटूरला गेल्याचं शिपायाने सांगितलं.

पुढच्या खेपेला मेहुण्याचं पत्र आलं, काय आणू? मी लिहिलं, काही नको. त्याने कारण विचारलं नाही. नलिनीने कळवलं असावं.

तीन-साडेतीन वर्षांनी मी परीक्षेच्या कामासाठी परभणीकडे निघालो होतो. बस वाटूर फाट्याला थांबली, कंडक्टर म्हणाला वीस मिनिटं. मी खाली उतरलो आणि समोरच पत्र्याच्या टपरीवर पाटी दिसली, रेडिओ दुरुस्ती. आत खरात. चष्मा लागला होता. मी पुन्हा बसमध्ये चढलो असतो, पण त्यांनी वर पाहिलं.

'सर? या, या. बसा.'

चहा आला. बाकड्यावर एक म्हातारी मांडीवर हात ठेवून बसली होती. तिचा रेडिओ समोर उघडा पडला होता. खरात तिला म्हणाले, 'हे आमच्या कॉलेजातले सर हेत आजी. लई हुशार.' म्हातारीने मला नमस्कार केला. नलिनी कशी आहे, कॉलेजात नवी इमारत झाली का, मीटर अजून तोच आहे का, असं ते विचारत राहिले. मी उत्तरं देत राहिलो. मग मी कप खाली ठेवून म्हणालो, 'खरात, त्या दिवशी मी...'

त्यांनी हातातली तार खाली ठेवली. 'एक इचारू सर? तुमी हो म्हनले असते तर काय झालं असतं?'

'माझी नोकरी गेली असती,' मी म्हणालो. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो होतो.

'बराबर हे,' ते म्हणाले. थांबले. 'पन न्हाई. तुमची गेली नसती. इन्स्पेक्टर खुर्चीतून उठला होता तुमाला बघून. हो म्हनले असते तर तो हसला असता, खेळणं हे म्हनून. तुमच्या हातात ते खेळणंच होतं. मी लॉकपमधी चार दिवस हाच हिशेब घालून राह्यलो होतो. मला तवाच कळलं होतं. मला वाटलं, तुमाला बी कळलं असंल.'

आवाजात राग नव्हता. मीटरची चूक सांगताना बोलत तसेच ते बोलत होते. आणि मला बसल्या जागी कळलं, की ते म्हणतात ते खरं आहे, आणि त्या खोलीत, खुर्चीत बसता बसता, मलाही ते माहीत होतं. मी नोकरीला घाबरलो नव्हतो. गल्लीत एक संध्याकाळ नाव निघालं असतं, एवढ्याला घाबरलो होतो.

'काय बोलू?' मी म्हणालो.

'काही नका बोलू,' ते म्हणाले. 'मला इचारायचं होतं, इचारलं.'

बाहेर कंडक्टरने घंटी मारली. मी उठलो. 'येतो' म्हणालो. ते 'या' म्हणाले आणि त्यांनी म्हातारीचा रेडिओ पुढे ओढला.

बसमध्ये मी मुद्दाम टपरीच्या विरुद्ध बाजूची जागा धरली, रस्त्यापलीकडच्या शेताकडे तोंड करून. पण फाट्यावर बस वळते. ती गर्रकन वळली आणि टपरी माझ्याच खिडकीसमोर आली. रेडिओ लागला होता. म्हातारी पदर तोंडाला लावून हसत होती. खरात बसकडे बघत नव्हते. रेडिओ कानाशी धरून, डोळे मिटून, ते आवाज स्वच्छ आला का हे ऐकत होते. बस पुढे गेली तरी मी वळून बघत होतो, आणि जोवर दिसत होते तोवर त्यांनी डोळे उघडले नाहीत.